दिग्रसचं सोयाबीन कोण खातं?

दसऱ्याच्या आगेमागे यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक सुरू होते. ओलावा किती धरला, काडीकचऱ्याची कपात किती लावली आणि भाव काय निघाला, एवढंच तेव्हा बोललं जातं. माल पुढे कुठे जातो, हे विचारायला कुणाला सवड नसते. क्विंटलभर सोयाबीन गाळलं की १८ किलोच्या आसपास तेल निघतं. उरलेली ८० किलोच्या घरातली ढेप, व्यापाऱ्यांच्या भाषेत डीओसी. सरकारदरबारी हे गळिताचं पीक आहे, पण त्याचा भाव ठरतो बहुतांशी या ढेपेवर, आणि ढेप जाते कोंबड्यांच्या खाद्यात. जगभरातल्या सोयाबीनचा तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या पोटात जातो. तेल सोडलं तर माणूस थेट खातो तो जेमतेम ७ टक्के.

म्हणजे दिग्रस तालुक्यातला कास्तकार जगाच्या पशुपालनाचा पुरवठादार झाला आहे, आणि त्याच काळात त्याच्या स्वतःच्या गोठ्यातली दावण ओस पडत चालली आहे. जगभर या विषयावर जे लिहिलं जातं त्यात या दोन गोष्टी वेगवेगळ्या खात्यांत मांडलेल्या असतात. एक पर्यावरणाच्या खात्यात, दुसरी शेतकऱ्याच्या दुरवस्थेच्या. मला त्या एकाच खात्यातल्या वाटतात, आणि ते खातं चाऱ्याचं आहे.

आधी जगाचं बघू. १९६१ साली जगात सुमारे ७ कोटी टन मांस तयार होत होतं. २०२२ पर्यंत ते ३६ कोटी टनांच्या आसपास पोचलं. या काळात माणसं अडीच पटींहून थोडी जास्त झाली, मांस पाचपट झालं. सर्वांत मोठी झेप कोंबडीची. आज वर्षाला ७००० कोटींहून जास्त कोंबड्या कापल्या जातात. कारण सरळ आहे. ब्रॉयलर पिल्लू ४० दिवसांत दोन किलोच्या वर जातं आणि किलोभर वजन वाढवायला त्याला दीड-पावणेदोन किलो खाद्य पुरतं. इतक्या कमी खाद्यात इतक्या लवकर मांस देणारं दुसरं जनावर गोठ्यात नाही. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे पुण्यात स्थिरावलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजनं हा धंदा भारतात घरच्या खुराड्यातून काढून शेडमध्ये नेला. चीननं तर हुबेई प्रांतात डुकरांसाठी २६ मजली इमारत उभारली. दुधात भारत पहिला. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २३ कोटी ९० लाख टन दूध झालं, जगाच्या जवळजवळ पाव हिस्सा.

या वाढीचा पसारा कळायला एक आकडा पुरे. पृथ्वीवरच्या सगळ्या सस्तन प्राण्यांचं वजन केलं तर त्यात ६० टक्के भरतात पाळीव जनावरं, ३६ टक्के माणसं. हत्तीपासून उंदरापर्यंत सगळे रानटी प्राणी मिळून राहतात ४ टक्के. हा २०१८ चा अंदाज आहे. त्याच वर्षीचा दुसरा एक अभ्यास सांगतो की जगातल्या शेतजमिनीपैकी, कुरणं धरून, पाऊणहून जास्त जमीन पशुपालनासाठी गुंतली आहे आणि तिच्यातून माणसाला मिळतात १८ टक्के उष्मांक आणि ३७ टक्के प्रथिनं. एवढ्यावरून काही मंडळी जनावरं पाळणंच थांबवा म्हणतात. पण जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये खाद्याचाच हिशोब मांडला, तेव्हा निघालं की जगातली जनावरं जे खातात त्यातलं ८६ टक्के माणसाला खाताच येत नाही: गवत, कडबा, भुसा, ढेप. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा उचलतात. दिग्रससारख्या ठिकाणी बसून पाहिलं तर खरा प्रश्न या दोहोंच्या मध्ये सापडतो. जे माणसाला खाता येत नाही ते जनावरानं खायचं, ही वाटणी इथे शेकडो वर्षं चालू होती. ती मोडली कशी?

जुनी पद्धत सांगायची तर ज्वारी आणि कापूस ही इथली जोडी. ज्वारीचे दाणे माणसाला, कडबा ढोरांना. कापसाची रुई जिनात, सरकीची ढेप गाई-म्हशींना. बैल तिफण ओढणार, वखर-डवरा ओढणार, शेण उकिरड्यावरून पुन्हा शेतात. सकाळी गावातली ढोरं आखरावर जमायची आणि गायकी त्यांना ई-क्लासवर, म्हणजे गावच्या सरकारी चराईच्या जमिनीवर, किंवा जंगलाच्या कडेला चारून संध्याकाळी परत आणायचा. कापसाची शेवटची वेचणी होऊन उलंगवाडी झाली की शेतं ढोरांना मोकळी. मेंढपाळ आपला कळप रात्री शेतात बसवायचे आणि खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसा न्यायचे. या चक्रात बाहेरून आणावं असं फारसं काही नव्हतं.

हा मुलूख बंजाऱ्यांचाही आहे, हे इथे विसरून चालत नाही. त्यांचं तीर्थक्षेत्र पोहरादेवी इथून जवळच. रस्ते आणि रेल्वे येण्याआधी दख्खनची धान्य-मिठाची वाहतूक त्यांच्या बैलांच्या पाठीवर चालायची, आणि तांडा म्हणजे हजारो बैलांचा चालता कळप. रेल्वेनं तो धंदा गिळला, तांडे स्थिरावले, कास्तकार झाले. मथुरा लभाण समाजाच्या काही तांड्यांनी गाई-म्हशींचा आणि दुधातुपाचा व्यवसाय मात्र सोडला नाही. पुढे गुजरातेतून भरवाड गाईंचे कळप घेऊन विदर्भात आले. पीक चारल्याच्या तक्रारींवरून त्यांची आणि गावकऱ्यांची भांडणं अजून होतात.

चक्र मोडायला सुरुवात कुठून झाली याचा माग घेतला तर एक टप्पा शेजारच्या पुसद तालुक्यापर्यंत येतो. गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. दुष्काळ आणि धान्यटंचाईच्या त्या काळात संकरित ज्वारीचा हिरिरीनं प्रसार झाला, आणि माणसं जगवायला तो हवाच होता. पण हायब्रीडचं ताट ठेंगणं. गावरान ज्वारी डोक्याच्या वर जायची, हायब्रीडचा कडबा कमी आणि ढोरांना तो तेवढा रुचायचाही नाही. हा कुणाच्या दोषाचा भाग नव्हता, फक्त त्या हिशोबात बैलाला जागा नव्हती. मोठा घाव बसला पुढे, १९९० नंतर, सोयाबीननं. शंभर-एक दिवसांचं पीक, दिवाळीच्या तोंडावर हातात रोकड, मागे रब्बीला रान मोकळं. ज्वारीमागे मात्र पाखरं, रानडुकरं, सोंगणी-मोडणीला न मिळणारा मजूर असं शुक्लकाष्ठ. रात्र-रात्र माळ्यावर बसून राखण कोण करणार? ज्वारी गेली आणि तिच्याबरोबर कडब्याची गंजी गेली.

सोयाबीन निघतं तेव्हा काय उरतं ते एकदा शेतात उभं राहून बघावं. मळणीयंत्राच्या एका तोंडातून दाणा पोत्यात पडतो, दुसऱ्या तोंडातून धुरळ्यासकट कुटार उडतं आणि बघता बघता छातीएवढा ढीग होतो. त्यात शेंगांची टरफलं, देठ, बारीक काड्या. शेळ्या ते आवडीनं निवडून खातात. बैल तोंड घालतो, टरफलं खातो, काडी बाजूला सारतो. तुरीचं कुटार त्याला जास्त गोड. ऑक्टोबरचा एखादा पाऊस या ढिगावर पडला की आठवड्यात खालून वाफ निघायला लागते, बुरशी धरते आणि मग ते उकिरड्यावरच जातं. ज्यांच्याकडे ढोरं उरली नाहीत ते कुटार जागेवरच विकतात. तुरीच्या तुराट्या, पऱ्हाटी आणि कुटार घेऊन जाणारे ब्रिकेटचे कारखाने विदर्भात आता बरेच आहेत. कालपर्यंतचा चारा आज बॉयलरमध्ये जळतो.

धुऱ्यावरच्या गवताचंही तेच. निंदणाला मजूर मिळत नाही म्हणून तणनाशक आलं, आणि तणनाशक शेतापुरतं थांबत नाही, धुऱ्यावरही पडतं. ई-क्लासची जमीन घरकुलं, शाळा, अतिक्रमणं, योजना यांत वाटली गेली. बैलजोडीच्या वर्षभराच्या चाऱ्यात ट्रॅक्टरचा हप्ता बसतो, असा हिशोब तरुण शेतकरी मांडतो तेव्हा तो चुकत नाही. डवरणीला मात्र अजून बैलच लागतात, म्हणून गावात दोन-चार जोड्या भाड्यावर फिरतात. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रातली गाय-बैलांची संख्या १ कोटी ४० लाखांवर आली, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी कमी. शेळ्या मात्र पाव हिश्शानं वाढून १ कोटी ६ लाख झाल्या. कोरडवाहू भागातली गरीब कुटुंबं काय करताहेत ते या दोन आकड्यांतून नीट दिसतं. शेळी पऱ्हाटीचा पाला खाते, कुटार खाते, बाभळीच्या शेंगा खाते, आणि अडीअडचणीला बोकड विकता येतो. विदर्भाची बेरारी शेळी नोंदणीकृत जात आहे. तिच्यावर सरकारचं लक्ष मात्र गाईच्या मानानं नगण्य.

गाईवरच्या लक्षाची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिनं काय होऊ नये ते शिकवलं. १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. यवतमाळ त्यातला सर्वाधिक चर्चेतला जिल्हा. जोडधंदा म्हणून त्यात अर्ध्या अनुदानावर दुभती, जास्त दूध देणारी जनावरं देण्याची तरतूद होती. कागदावर उत्तम. ज्या घरी कापसानं खड्डा पाडला तिथे दुधाचा रोजचा पैसा येईल. प्रत्यक्षात गाय आली, चारा आला नाही. संकरित गाईला रोज हिरवा चारा, खुराक आणि भरपूर पाणी लागतं, डॉक्टर हाकेच्या अंतरावर लागतो, आणि दूध घेणारं केंद्र लागतं. ही गाय घरातल्या सगळ्या माणसांपेक्षा जास्त खाते, अशी शेतकरी कुटुंबांची तक्रार पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी लिहून ठेवली आहे. अनुदानाची गाय शेजाऱ्याला देऊन टाकण्यापर्यंत गोष्टी गेल्या. कोल्हापूर-संगमनेरला चाललेलं गणित विदर्भात का चाललं नाही, यावर तेव्हा ‘इकडचा माणूसच कष्टाळू नाही’ असं सहज म्हटलं गेलं. हा निव्वळ उद्धटपणा होता. तिकडे आधी ऊस आला, उसाबरोबर पाणी आणि वाढं आलं, सहकारी संघ आले, आणि मग गाय उभी राहिली. इकडे गाय आधी पाठवली.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आणि मदर डेअरी यांच्यामार्फत २०१६ पासून विदर्भ-मराठवाड्यात जो दुग्धविकास प्रकल्प चालला तो या मानानं शहाणा. त्यात आधी संकलन आणि खरेदीची हमी, मग जनावर. दुसऱ्या टप्प्यात १९ जिल्हे घेतले आहेत. त्यात चारा आणि पशुखाद्यही आहे. तरी चाऱ्याची मूळ तूट कोणत्याही प्रकल्पाच्या आवाक्याबाहेरची. झाशीच्या चारा संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार देशात हिरव्या चाऱ्याची तूट ११ टक्क्यांच्या, वाळलेल्याची २३ टक्क्यांच्या आसपास आहे. अरुणावती धरणाच्या लाभक्षेत्रात ओलीत आहे, पण तिथलं पाणी गहू-हरभऱ्याला जातं. मक्याचा चारा किंवा नेपियर लावा म्हटलं तर शेतकरी विचारतो, दुधाला भाव काय? गाईचं दूध साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफला, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन घटकांना, मोजतात. त्यात पॉइंट कमी पडला की दर खाली येतो. भाव कोसळला की सरकार लिटरमागे पाच-सात रुपये अनुदान जाहीर करतं आणि ते बँकेत पडेपर्यंत दोन हंगाम जातात.

आता पुन्हा बाजार समितीत. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला १० हजारांच्या वर गेलं. पेरणी झाली होती, शेतकऱ्याच्या डोळ्यांत आशा होती. पण ढेप महागल्यानं पोल्ट्री उद्योगानं दिल्लीत धाव घेतली आणि ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन जनुकबदल सोयाबीनची ढेप आयात करायला परवानगी दिली. याच देशात जनुकबदल सोयाबीन पेरायला बंदी आहे. नवीन माल बाजारात येईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. पुढे मक्यापासून इथेनॉल काढण्याचा धडाका लागला, त्याचा उरलेला चोथा खाद्यात स्वस्तात मिळू लागला आणि सोयाढेपेची मागणी आणखी घसरली. २०२४ मध्ये हमीभाव ४८९२ रुपये असताना विदर्भातले शेतकरी ४ हजार-सव्वाचार हजारांनी माल घालत होते. ब्राझीलच्या सेराडो पठारावर किती पिकलं, चीननं यंदा किती कोटी टन उचललं, पेट्रोलमध्ये इथेनॉल किती टक्के, आणि पुण्या-नाशकातल्या शेडमध्ये किती पिल्लं टाकली, या सगळ्यावर दिग्रसच्या कुटुंबाची दिवाळी ठरते. कोंबडी स्वस्त राहावी म्हणून सोयाबीन स्वस्त ठेवलं जातं, असं शेतकरी म्हणतो, आणि २०२१ चा प्रसंग आठवला की त्याला खोडून काढता येत नाही.

हवामानाच्या चर्चेत तर त्याला आणखी एक आरोप ऐकावा लागतो: तुझी गाय ढेकर देते म्हणून पृथ्वी तापते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मिथेन तयार होतो, हे खरंच आहे. शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा २७-२८ पट तापवतो, पण हवेत टिकतो बाराएक वर्षं. अन्न व कृषी संघटनेनं २००६ मध्ये पशुपालनाचा वाटा एकूण उत्सर्जनाच्या १८ टक्के सांगितला, २०१३ मध्ये साडेचौदा, २०२३ मध्ये १२. जनावरं घटली म्हणून आकडा उतरलेला नाही, मोजण्याची रीत आणि तुलनेचं वर्ष बदललं. डेन्मार्कनं २०३० पासून पशुपालकांवर उत्सर्जन कर लावायचं ठरवलं आहे. न्यूझीलंडनं असाच विचार जाहीर करून शेतकऱ्यांच्या रोषामुळे २०२४ मध्ये गुंडाळला. नेदरलँड्समध्ये गोठ्यांतल्या नायट्रोजनवरून ट्रॅक्टर रस्त्यावर आले आणि एक नवा शेतकरी पक्ष प्रांतिक निवडणुकीत पहिला आला.

भारताच्या बाबतीत तज्ज्ञ म्हणतात की इथली गाय दूध कमी देते, म्हणून लिटरमागे उत्सर्जन जास्त. भागाकार बरोबर आहे, भाजक अपुरा आहे. ज्या गाईनं बैल दिला, शेण दिलं आणि पऱ्हाटीचा पाला खाऊन दिवस काढले तिचं सगळं उत्सर्जन तिच्या दोन-तीन लिटर दुधाच्या नावे टाकायचं, आणि तिच्या जागी येणाऱ्या ट्रॅक्टरचं डिझेल, युरिया आणि तणनाशक दुसऱ्या खात्यात, हा हिशोब मला पटत नाही. अर्थात निकृष्ट चाऱ्यावरच्या जनावराच्या पोटात मिथेन जास्त होतो हेही तितकंच खरं. म्हणून चारा सुधारणं हा उपाय शेतकऱ्याच्या आणि हवेच्याही फायद्याचा आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं ‘हरित धारा’ नावाचं खाद्यपूरक काढलं, त्यानं मिथेन १७ ते २० टक्के कमी होतो असा दावा आहे. कडब्याला युरिया-गुळाची प्रक्रिया, कुट्टी करून घालणं, खनिज मिश्रण हे जुने उपायही त्याच दिशेचे. कुट्टीयंत्राचं अनुदान तालुक्यात मिळतं, कुट्टी करायला कडबा मिळत नाही.

पशुपालनाच्या या वाढीबरोबर येणारे आणखी दोन विषय थोडक्यात. रोगांचा धोका दाटीनं वाढतो: भारतातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला, २०२२ मध्ये लम्पीनं राज्यभर गाई-बैल मेले. आणि प्रतिजैविकं. जगात विकल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी सुमारे ७३ टक्के जनावरांसाठी जातात असा अंदाज आहे. माणसाच्या शेवटच्या उपायांपैकी एक असलेलं कोलिस्टिन २०१९ पर्यंत आपल्याकडे पिल्लांच्या वाढीसाठी खाद्यात घातलं जात होतं. मग बंदी आली.

गाय-बैलांच्या संख्येवर कायद्याचाही परिणाम आहे, आणि त्याबद्दल गावात मोकळेपणी कमी बोललं जातं. मार्च २०१५ पासून राज्यात बैल-गोऱ्हे कापायला बंदी आली. थकलेला बैल विकून त्यात भर घालून तरुण गोऱ्हा घ्यायचा, ही शेतकऱ्याची भांडवल फिरवण्याची जुनी रीत होती. ती बंद पडली आणि म्हातारा बैल दावणीला बांधून पोसणं किंवा रात्री सोडून देणं एवढंच उरलं. सोडलेली ढोरं दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरतात. ३० सप्टेंबर २०२४ ला सरकारनं देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केलं आणि गोशाळेतल्या देशी गाईमागे रोज ५० रुपये देऊ केले. तीच गाय कास्तकाराच्या गोठ्यात असेल तर शून्य. शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, न्यायालयानं मोकळीक दिल्यापासून पळणाऱ्या गोऱ्ह्यांना लाखांत भाव येतो, पण तो बैल डवऱ्याला जुंपायचा नसतो.

उपाय सांगणाऱ्यांची कमतरता नाही. लिंगनिश्चित रेतमात्रा वापरून फक्त कालवडी जन्माला घाला, असा सध्याचा जोर आहे. दुधाच्या धंद्याला ते सोयीचं, कोरडवाहू शेतीला नाही. गुलाबी बोंडअळीनं मात्र एक गंमत केली. अळीचं चक्र तोडायला फरदड, म्हणजे कापसाचं लांबवलेलं पीक, घेऊ नका, शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्या-मेंढ्या, जनावरं चरू द्या, असा सल्ला आता कृषी विभागच देतो. उलंगवाडीला ढोरं सोडण्याची जुनी रीत शास्त्राच्या दारानं परत आली आहे. ज्या गावात भरवाड किंवा मेंढपाळाशी ग्रामसभेनं आधी बोलून चराईचे दिवस, रस्ता आणि खताचा मोबदला ठरवला, तिथे हे बिनभांडणाचं होऊ शकतं.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलं आहे, आणि एकविसाव्या पशुगणनेत फिरत्या पशुपालकांची पहिल्यांदाच वेगळी नोंद घेतली गेली. दिग्रस तालुक्यापुरतं बोलायचं तर त्या नोंदीच्या शेजारी प्रत्येक गावाची उरलेली ई-क्लास जमीन मांडायला हवी: सातबाऱ्यावर किती, जागेवर किती, आणि तिच्यावर गवत किती महिने टिकतं. तलाठ्याकडे पहिला आकडा आहे. दुसरा गायक्याला तोंडपाठ असतो, जिथे गायकी अजून आहे तिथे. त्यानंतर तूर-सोयाबीनच्या जोडीला एकरातला चतकोर का होईना उंच ताटाच्या ज्वारीला देता येतो का, हे हमीभाव आणि रानडुकरांचा बंदोबस्त या दोन गोष्टींवर ठरेल. त्यातली एक कृषी खात्याच्या हातात आहे, दुसरी वनखात्याच्या, आणि दुभत्या जनावरांची योजना राबवणारं पशुसंवर्धन खातं तिसरं.